दुसरं मोठं माणूस

माझी थोरली बहीण सगळ्या जगाची मावशी. तिचं लग्न झालं नाही, मूल नाही, भाची म्हणाल तर माझी एकुलती एक मुलगी, ती नोकरीसाठी लांब. तरी आम्ही दोघी रस्त्यानं निघालो की ह्या दारातून, त्या सायकलवरून "मावशी, मावशी" अशा हाका यायच्या. मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा लाजत लाजत हाक मारायची, कारण त्यांची नाकं हिनं पुसलेली. मी तिला ताई म्हणते. सख्खी म्हणून तेवढा एक शब्द मी स्वतःकडे राखून ठेवलाय. हल्ली त्या हाका बंद झाल्यात. का, तेच सांगायला बसलेय.

मी कपडे शिवते. घराची रस्त्याकडची खोली हेच माझं दुकान. दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकांना बसायला बाक. तुझ्या जिभेला हाड नाही, असं ताई म्हणते. म्हणू दे, खरंच आहे ते. ती माझ्या अगदी उलट. कमी बोलणार, नाकासमोर चालणार, आणि अंगावर घेतलेलं काम मोडून पडेस्तोवर करणार.

आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई शाळेत होती. वडील कारखान्यात पाळीवर जायचे. खाली आम्ही तिघं, त्यातलं शेवटचं पाळण्यात. ताईचं लक्ष चुलीवर, कान आईच्या खोलीकडे, पायाचा अंगठा पाळण्याच्या दोरीत, आणि मी पाढे म्हणतेय की खिडकीतून बाहेर बघतेय ह्यावर डोळा. शेजारणी यायच्या आणि म्हणायच्या, पोर एक आहे पण चार ठिकाणी असते हो. आम्हाला त्याचा केवढा अभिमान. ताईला तर दुसरं काही मिळालंच नाही आयुष्यात, तेवढं कौतुक मिळालं, ते तिनं जन्मभर जपलं. आता वाटतं, कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं की एक पोर चार ठिकाणी नसते. ती कुठेच नीट नसते.

आम्ही सगळे मार्गी लागलो, आईवडील गेले, आणि ताई रिकामी झाली. रिकामपण तिला मानवेना. तेवढ्यात आमच्या चौकात जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर छंदवर्ग निघाले. शाळा सुटली की आईबाप कामावरून येईपर्यंत मुलांनी तिथे बसायचं, नाच, चित्रं, बुद्धिबळ असलं काही शिकायचं. एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं ते काढले होते, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांना दारावर बसायला भरवशाचं माणूस हवं होतं. ताई गेली आणि त्याच दिवशी बसली.

एक लांब बोळ, बोळाच्या एका बाजूला तीन खोल्या, आणि टोकाला जिन्याचं मोठं दार. त्या दाराशी ताईची खुर्ची. येणाऱ्या मुलांचे बूट जोडीनं लावायचे, कुणाची बाटली कुणाकडे गेली ते शोधायचं, ढोपर फुटलं तर धुवायचं, आणि सुटताना मूल ज्याच्या-त्याच्या हवाली करायचं. हे शेवटचं काम ती डोळ्यात तेल घालून करायची. आईबापानं ज्याचं नाव सांगून ठेवलंय त्याच्याच हातात मूल द्यायचं, मग समोर कुणी का येईना. एकदा एका बापानं मिशा काढल्या आणि लेकाला घ्यायला आला. ताईनं त्याला जिन्यात उभं ठेवलं आणि लेकाला आधी विचारलं, हा कोण. पोरगं वांड, म्हणालं, मला नाही माहीत. बाप घामाघूम. शेवटी आईला फोन केला तेव्हा सुटला बिचारा.

मलासुद्धा तिनं सोडलं नाही. शेजारचा मुलगा आणायला मी गेले होते. त्याची आई अडकली होती, तिनं मला पाठवलं, पण ताईला कळवायचं राहिलं. ताई म्हणाली, "तुझं नाव सांगितलेलं नाही."

"अगं, मी तुझी सख्खी बहीण."

"माझी आहेस. त्याची कुणी नाहीस."

तिथे बोळातल्या बाकावर अर्धा तास बसवलं मला, पोरगा माझ्या शेजारी, दोघांनी एकच सफरचंद खाल्लं. मी घरी येऊन आदळआपट केली. ताई शांतपणे म्हणाली, उद्या दुसरी कुणी येईल गोड बोलत, तेव्हा तूच म्हणशील बरं झालं.

तर सांगायचं काय, बाहेरून कुणी आत येऊ नये ह्याची काळजी तिच्याइतकी कुणी घेतली नसेल. आतलं कुणी असं निघेल हे तिच्या डोक्यातच नव्हतं. आमच्या कुणाच्याच नव्हतं.

आता नियमाचं सांगते, कारण सगळं त्या नियमापाशीच आहे. छंदवर्गात एक मुलगा यायचा, त्याची आई नर्स. स्पष्ट बोलणारी बाई, मला आवडते. तिनं पालकांच्या बैठकीत उठून सांगितलं की मुलांबरोबर एकटं मोठं माणूस असता कामा नये. कोणताही वर्ग असो, शिकवणारं एक आणि दुसरं मोठं माणूस हवंच. कुणावर संशय म्हणून नव्हे, रीत म्हणून. काही पालकांनी नाकं मुरडली, आमचे सर तसले नाहीत वगैरे. पण मोठ्या बाई समंजस. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, आजपासून हा नियम.

आता दुसरं माणूस आणायचं कुठून? नाचाच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे मावशी आहेत ना. चित्रांच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडेही मावशी असतात. बुद्धिबळाचे सर हसून म्हणाले, मावशी तर माझ्याच दाराशी बसतात. त्यांची खोली जिन्याजवळची होती, ते खरंच होतं. नर्स म्हणाली, मावशी एकट्या तिन्हीकडे कशा? आणि सगळ्यांनी ताईकडे बघितलं.

ताई म्हणाली, "मी आहे."

एवढंच. त्या बैठकीला मी होते, नाचाच्या कपड्यांची मापं घ्यायला गेले होते. ताईचा चेहरा मला अजून आठवतो. कुणी मोठा मान द्यावा तसा उजळला होता. चूल, आई, पाळणा आणि मी, हे सगळं जिनं एकटीनं निभावलं तिला तीन खोल्यांचं काय? नर्स काही तरी म्हणत होती, पण चहा आला आणि बैठक मोडली.

बुद्धिबळाच्या सरांविषयी सांगायला माझी जीभ वळत नाही, तरी सांगते. मऊ बोलायचे. शर्ट कडक इस्त्रीचा. ताईच्या चष्म्याची काडी निसटली तर खिशातल्या छोट्या पेचकसानं बसवून द्यायचे. येताना तिला चहा आणायचे, दुसऱ्याच्या हातून पाठवायचे नाहीत, स्वतः आणायचे. पोरं त्यांना वजीर म्हणायची. ताई घरी येऊन सांगायची, सर आज असं म्हणाले, सर तसं म्हणाले. मी चिडवायचे, ह्या वयात हे बरं नव्हे हो. ती लटकं रागवायची. खोटं कशाला बोलू, मलाही तो माणूस बरा वाटायचा. माझ्याकडून शर्टाची कॉलर उलटून नेली तेव्हा घरच्या माणसांची करावी तशी माझ्या मशिनचीसुद्धा चौकशी करून गेला.

शेजारच्या खोलीत नाचाची गाणी ढणाढणा वाजायची आणि बुद्धिबळाला शांतता लागते, म्हणून त्या खोलीचं दार लावलेलं असायचं. त्यात कुणाला काही वाटलं नाही. स्पर्धा जवळ आली की जी मुलं चांगली खेळतात त्यांना एकेकटं घेऊन सराव चालायचा. त्यातही कुणाला काही वाटलं नाही. दुसरं मोठं माणूस होतंच ना. मावशी होत्या.

मुंगी म्हणून एक मुलगी होती. लहानखुरी, सतत काहीतरी उचलून नेत असायची, खडू, बाटलीचं झाकण, पडलेलं पान, म्हणून ते नाव. ताईनंच ठेवलेलं. आई औषधाच्या दुकानात काम करायची, बाप नव्हता. डोकं असं की मोठ्या मुलांना हरवायची आणि वर म्हणायची, दादा, रडू नकोस. सर तिचं फार कौतुक करायचे.

ती मधेच यायची बंद झाली. पोट दुखतंय, डोकं दुखतंय. मग पुन्हा आली, पण बूट काढेना, आत जाईना. मग एका संध्याकाळी, आई केस विंचरत असताना, ती आईला जे बोलली ते बोलली. काय बोलली ते मी लिहिणार नाही. मला ठाऊक आहे, पण ते त्या लेकराचं आहे, माझं नाही, तुमचं तर नाहीच नाही. आईनं त्याच पावली मुलीला उचललं आणि चौकी गाठली. माझा त्या बाईला नमस्कार.

दुसऱ्या दिवशी छंदवर्गाला कुलूप. सगळ्या चौकात कुजबुज. आणि सर काय म्हणाले असतील? ते म्हणाले, असं होणंच शक्य नाही, माझ्या वर्गात नेहमी दुसरं मोठं माणूस असायचं. मावशींना विचारा.

म्हणजे सगळं येऊन थांबलं ते ताईच्या जिभेवर. ताई म्हणाली, मी आत होते, तर मुंगी खोटी. ताई म्हणाली, नव्हते, तरच मुंगीचं कुणीतरी ऐकणार. सात-आठ वर्षांचं लेकरू एकीकडे, आणि इस्त्रीचा शर्ट, मोठ्या बाई, अर्धा चौक दुसरीकडे.

मी ताईला विचारलं, "काय सांगणारेस?"

ती म्हणाली, "भात लावायचाय." आणि उठून गेली.

त्या दिवसापासून ती अशीच झाली. रडली नाही, बोलली नाही, चिडली नाही. वेळेवर उठायची, आंघोळ करायची, वाढलेलं खायची. मीठ कमी आहे का विचारलं तर हो म्हणायची, जास्त आहे का विचारलं तरी हो म्हणायची. मी मुद्दाम एकदा मीठ घातलंच नाही. तेही खाल्लं. मी ताट आदळलं, म्हटलं, अगं एकदा रड, ओरड, मला शिव्या घाल, काही तरी कर. ती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या लांबच्या नातेवाइकाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "काही होतच नाही गं मला. आत काही हलतच नाही."

मोठ्या बाई घरी आल्या, सोबत नाचाच्या बाई. बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या. मोठ्या बाईंचे डोळे सुजलेले होते, त्यांचंही वाईट वाटलं मला, नाही असं नाही. त्या म्हणाल्या, मावशी, तुम्ही येत-जात होतातच की त्या खोलीत. तेवढंच सांगा. हे काही खोटं नाही. उद्या वर्ग बंद पडले तर एवढ्या मुलांनी जायचं कुठे? आणि पोरीचं तरी काय भलं होणार आहे, नाव बद्दू होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाई, मूठ झाकायची ती कुठे, त्या लेकराच्या तोंडावर?"

नाचाच्या बाई रडायला लागल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, तसं नव्हतं म्हणायचं मला. मग तुम्हाला कसं म्हणायचं होतं, असं मी विचारणार होते, पण ताईनं हात वर केला. म्हणाली, "त्यांना चहा दे." मी दिला. माझ्या हातून सांडला थोडा, मुद्दाम नाही.

तोही येऊन गेला. सर. अजून मोकळाच होता तेव्हा. दुकानाच्या उंबऱ्याशी उभा राहिला, आत आला नाही. मी कात्री हातात घेतली, कापायला काही नव्हतं. ताई काजं करत होती. तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही तर मला ओळखता."

ताई म्हणाली, "ओळखते."

"तुम्ही होतातच ना तिथे. रोज."

ताईनं मान खाली घातली आणि काज पुरं केलं. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. संध्याकाळी ताईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, दुसरा करून घ्यायचा का? मी म्हटलं, उद्याच जाऊ.

चौकशी छंदवर्गातच झाली, चित्रांच्या खोलीत. बालकल्याण खात्यातल्या एक बाई आल्या होत्या आणि साध्या कपड्यातला एक पोलीस. खोलीत सगळ्या बुटक्या खुर्च्या. चार मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली, भिंतीवर मुलांनी काढलेली घरं आणि जांभळी झाडं. एरवी मला हसू आलं असतं. मला बसू दिलं, पण मधे बोलायचं नाही ह्या अटीवर. मी जीभ दातांत धरून बसले.

त्या बाईंनी विचारलं, "वर्ग चालू असताना तुम्ही कुठे असायचात?"

ताईनं दाराकडे बघितलं. मोठ्या बाई बाहेर बोळात उभ्या होत्या, त्यांची सावली दारात दिसत होती.

"दाराशी."

"कुठल्या दाराशी?"

"मोठ्या. जिन्याच्या."

"म्हणजे बुद्धिबळाच्या खोलीत नाही."

"नाही."

"पण सगळे म्हणतात, त्या वर्गातलं दुसरं मोठं माणूस तुम्ही होता."

"होते ना," ताई म्हणाली. "नाचाच्या वर्गातही मीच होते. चित्रांच्याही मीच." मग थांबली. आपण काय बोललो ते तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं असावं. "तिन्हीकडे मीच होते. म्हणजे कुठेच नव्हते."

त्या बाईंनी लिहिणं थांबवलं. विचारलं, "आत कधी गेला होतात?"

"सर्वांची डोकी मोजायला वर्ग सुरू होताना. मग नाही. दार लावलेलं असायचं."

"मुंगीला एकटीला घेत तेव्हा?"

"तेव्हाही नाही. शेवटी शेवटी ती आत जायला नको म्हणायची. दाराशी माझ्या खुर्चीला धरून उभी राहायची." ताईचा आवाज तसाच, सपाट. "मला वाटलं हरली असेल, म्हणून रुसली. मीच हाताला धरून आत नेऊन बसवायचे. मीच दार लावून घ्यायचे, गाण्याचा त्रास नको म्हणून."

पोलिसानं खिडकी उघडली. मी जीभ दातांत धरली होती ती सोडली नाही, पण डोळ्यांचं माझ्या हातात नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, ताई, धीराची आहेस. तिनं मान हलवली. म्हणाली, "धीर कसला? खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता." मग जिना उतरताना म्हणाली, सावकाश, पायरी तुटलीय.

त्याच्या पुढचं तुम्हाला अंदाजानं कळेल. ताईचं ऐकून आणखी एका मुलाचे आईबाप पुढे आले. सरांना नेलं. खटला चालू आहे, चालेल, ते कोर्ट बघेल. छंदवर्ग बंद झाले ते झालेच. आणि लोक? लोकांना कुणीतरी लागतंच. सरांवर राग काढायला सर समोर नव्हते, ताई होती. ती म्हातारी दाराशी बसून काय झोपा काढत होती काय, असं दुधाच्या दुकानात माझ्यामागे उभी राहून एक बाई म्हणाली. मी वळले. तिला म्हटलं, बाई गं, त्या बैठकीत तू माझ्या शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत होतीस. एक माणूस तीन खोल्यांत कसं मावतं, हे तू का नाही विचारलंस? नर्सनं विचारलं तेव्हा तू का नाही बोललीस? ती गेली तरातरा. माझं काय, मला भांडायला आवडतं. पण ताईला घरी आल्यावर सांगितलं तर म्हणाली, "बरोबर बोलली ती." माझं सगळं भांडण वाया.

हाका बंद झाल्या त्या अशा. कुणी तोंडावर वाईट बोलत नाही, नुसते समोरून आले की मोबाइल बघतात. नर्स तेवढी येते. ती आता पलीकडच्या वस्तीतल्या छंदवर्गात पालकांच्या वतीनं बघायला जाते, खोलीच्या दारांना काचा लावून घेतल्या म्हणाली, आणि प्रत्येक खोलीत खरोखरीचं दुसरं माणूस, स्वतःची खुर्ची असलेलं. ताईला म्हणाली, चला माझ्याबरोबर, तुमच्यासारखं कुणी हवंय. ताई म्हणाली, नको. नर्सनं पुन्हा नाही विचारलं. शहाणी आहे.

ताई आता माझ्या दुकानात बसते. काजं, बटणं, हुक. हात चालू असला की बरं, एवढंच तिचं म्हणणं. मला वाटायचं, एक गोष्ट तरी तिनं बरोबर केली, जे खरं ते सांगितलं, पोरीला खोटी पडू दिलं नाही. त्यावर तिचं मन हळूहळू उभं राहील. कपड्याची शिवण उसवली तर दुसरी घालता येते, माणसाचंही तसंच असेल, असं मी धरून चालले होते.

परवा मुंगी आली. आईबरोबर, शाळेचा झगा आखूड झाला म्हणून. आई आजवर कधी दुकानात आली नव्हती. आत आल्यावर तिनं ताईकडे बघितलं नाही, सरळ माझ्याशी बोलली, खालची दुमड सोडून मिळेल का. मी म्हटलं, मिळेल की, वाढतं वय आहे. मुंगी टेबलाच्या कडेला उभी राहून पडलेल्या चिंध्या गोळा करत होती. उंच झाली आहे. मग ती बाकाच्या त्या टोकाला गेली, जिथे ताई बसते, आणि उभी राहिली.

ताईनं बटणाचा धागा तोडला. वर बघितलं.

मुंगी म्हणाली, "मावशी, मी तुझ्यावर खूप रागावले होते."

तिची आई म्हणाली, "बाळा, चल." पण हलली नाही.

"माझ्यावर?" ताईनं विचारलं.

"हो. सर सांगायचे, मावशी बाहेर बसल्यात, मावशींना सगळं माहीत असतं. आणि तू मला आत सोडायचीस. म्हणून मला वाटलं, तुला माहीत आहे. तुला चालतं." ती अगदी शाळेतलं उत्तर सांगावं तसं सांगत होती. "मग आई म्हणाली, तू त्या बाईंना सांगितलंस की तू आतच नव्हतीस. तुला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं," ताई म्हणाली.

मुंगीनं हातातल्या चिंध्या नीट एकावर एक ठेवल्या. विचार करत होती. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला हे मला दिसलं, आणि माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ती म्हणाली,

"मग मी तुलाच सांगितलं असतं. पहिल्याच दिवशी."

ताई हो म्हणाली. मग तिनं पुढचं बटण उचललं, जागेवर धरलं, आणि सुईत दोरा नसतानाच शिवायला लागली.